निर्णयाच्या दिवसाआधी

डॉ. श्रीराम लागूंनी १९६९ साली कान-नाक-घशाच्या शल्यचिकित्सेचा व्यवसाय सोडला आणि ते पूर्णवेळ नट झाले. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९७० मध्ये, ‘नटसम्राट’ रंगभूमीवर आलं. चाकोरी मोडण्याचा विषय निघाला की आपल्याकडे हे उदाहरण हमखास दिलं जातं, आणि ते देणाऱ्याचं सांगणंही ठरलेलं असतं: धाडस करा, आहे ते सोडून द्या. चाळिशी ओलांडलेल्या, नोकरीत जीव न रमणाऱ्या माणसाला हे ऐकून उभारी येते. चार दिवसांनी मात्र ‘आपल्यात ती हिंमतच नाही’ अशी खंत मागे राहते. हा सल्ला मला चुकीचा वाटतो, कारण तो ज्या उदाहरणावर उभा आहे तेच अर्धवट सांगितलेलं असतं.

लागू १९६९ साली नाटकाकडे वळले नाहीत. पुण्यात वैद्यकीय शिक्षण घेत असल्यापासून ते रंगमंचावर होते. भालबा केळकरांच्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनमध्ये त्यांनी हौशी नट म्हणून वर्षानुवर्षं काम केलं. मधल्या काळात परदेशात शिक्षण झालं, आफ्रिकेत नोकरी झाली. नाटकाची ओढ सुटली नाही. व्यवसाय सोडला तेव्हा त्यांच्यातला नट घडलेला होता. वसंतराव देशपांड्यांचंही तसंच. लष्करी हिशेब खात्यातली दोन तपांची नोकरी आणि तिच्या जोडीने चाललेलं गाणं, अशी दुहेरी कसरत त्यांनी केली. ‘कट्यार काळजात घुसली’ १९६७ च्या अखेरीस आलं तेव्हा ते सत्तेचाळीस वर्षांचे होते. राजीनाम्याची तारीख गोष्टीत शोभून दिसते, म्हणून ती लक्षात राहते. त्याआधीच्या संध्याकाळी कोणी मोजत नाही.

पण या दोघांना निदान कुठे जायचं ते ठाऊक होतं. त्याहून अवघड अवस्था वेगळीच: ज्या कामावर जीव आहे, त्याच कामात माणूस पुनरावृत्ती करू लागतो आणि लोक त्या पुनरावृत्तीलाच टाळ्या देत राहतात. कुमार गंधर्व मला या संदर्भात फार महत्त्वाचे वाटतात. लहानपणी ते मोठमोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून तंतोतंत तसं गाऊन दाखवत. शिवपुत्र कोमकळीमठ हे नाव मागे पडून ‘कुमार गंधर्व’ ही पदवीच नाव झाली, ती त्या वयात. दुसऱ्याचं गाणं इतक्या सहज गळ्यात उतरवणाऱ्या मुलासाठी ती नक्कलच आयुष्यभराची वाट होऊ शकली असती. मुंबईत प्रा. बी. आर. देवधरांकडे आल्यावर वेगवेगळ्या घराण्यांचं गाणं ऐकायला आणि त्यावर विचार करायला मिळालं. तिथे पहिली मोकळीक मिळाली.

मग क्षयरोग झाला. १९४८ च्या सुरुवातीला हवापालट म्हणून ते माळव्यात देवासला गेले. पुढची काही वर्षं गाणं बंद होतं. एक फुप्फुस जवळजवळ निकामी झालं. त्या सक्तीच्या विश्रांतीत माळव्यातल्या बायकांची गाणी, फिरस्त्या साधूंची निर्गुणी भजनं कानावर पडत राहिली. ती कित्येकांच्या कानावर पडत होती. कुमारांनी त्या धुनांमध्ये रागाचं बीज शोधलं. त्यातून मालवती, संजारी, लगनगंधार असे धुनउगम राग आले, लोकगीतांचे आणि ऋतुगीतांचे कार्यक्रम आले, निर्गुणी भजनांचं ते अनोखं गायन आलं. १९५० च्या दशकात ते मैफलीत परतले तेव्हा श्वासाची मर्यादा होतीच. लांब दमाच्या तानांऐवजी छोटे, धारदार स्वरसमूह आणि त्यांच्यामधली शांतता, यांचा त्यांनी वेगळाच मेळ घातला. आजाराचं उदात्तीकरण मला करायचं नाही. क्षय कोणाला काही शिकवत नाही. महत्त्वाची वाटते ती एवढीच गोष्ट, की त्या वर्षांत त्यांच्याकडून कोणी मैफलीची अपेक्षा करत नव्हतं. निष्पत्ती दाखवावी लागत नव्हती, म्हणून ऐकता आलं.

आता प्रश्न येतो, तो काळ निभावला कसा? घर कसं चाललं? कुमारांच्या पत्नी भानुमती कोमकळी यांनी देवासला शिक्षिकेची नोकरी केली, आजाऱ्याची शुश्रूषा केली, संसार उचलला. त्या स्वतः गाणाऱ्या होत्या, देवधरांकडेच शिकलेल्या. १९६१ साली त्यांचं निधन झालं. कुमारांच्या नव्या गाण्याबद्दल बोलताना आपण माळव्याच्या मातीचे आभार मानतो, आणि भानुमतींच्या पगाराचा उल्लेख एका वाक्यात आटोपतो. मला हे अन्यायाचं वाटतं. एका माणसाला चाकोरीबाहेर जायचं असेल, तर त्या काळातली चाकोरी दुसरं कोणीतरी चालवत असतं: दूध, फी, भाडं, औषधं, म्हाताऱ्यांची दुखणी. हे काम बहुधा बाईच्या वाट्याला येतं, आणि त्या बाईचं गाणं, शिक्षण, लेखन ‘नंतर बघू’ म्हणून मागे पडतं.

म्हणून ‘धाडस करा’ हा सल्ला मला अपुरा वाटतो, आणि तो सगळ्यांना सारखा देणं तर निष्ठुरपणाचं. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या प्राध्यापकाला उन्हाळ्याच्या सुटीत पगारच नसतो. त्याच्या हिमतीत खोट काढण्याआधी त्याच्याकडे रिकामा वेळ किती आहे ते विचारावं. शिक्षकांना, परिचारिकांना, कारकुनांना काही वर्षांच्या सेवेनंतर शिकण्यासाठी भरपगारी रजा मिळाली पाहिजे, ही मागणी कामगार संघटनांनी पगारवाढीइतक्याच निग्रहाने मांडायला हवी. ती मिळेपर्यंत घरातल्या घरात तरी हिशेब उघडपणे व्हावा. नवरा दोन वर्षं वाद्य शिकणार असेल, दुकान बंद करून पुस्तक लिहिणार असेल, तर त्या दोन वर्षांचा भार कोण उचलणार हे आधी ठरावं, आणि भार उचलणारीची दोन वर्षं कधी सुरू होणार, हेही त्याच बैठकीत ठरावं.