न जाणवलेला झटका

संक्रांतीच्या आगेमागे नागपूरची हवा अशी कोरडी होते की अंगातून स्वेटर काढताना चटचट आवाज येतो. अंधारात काढला तर ठिणग्याही दिसतात. मोटारीच्या दाराला हात लावला की बोटाला चिमटा बसतो आणि आपण हसून पुढे जातो. याच दिवसांत रामदासपेठेतल्या एखाद्या फ्लॅटमध्ये कुणी मुलगा किंवा मुलगी सीताबर्डीच्या बाजारातून सुटे भाग आणून घरीच कॉम्प्युटर असेंबल करायला बसते. अंगात स्वेटर, पायात लोकरी मोजे, आणि मदरबोर्ड ठेवलेला दिवाणावरच्या रजईवर. हौस खरी असते, पैसे घासाघीस करून जमवलेले असतात. म्हणूनच या रजईबद्दल बोलायला हवे.

आपल्या शरीरावर साठलेला स्थितिक विद्युतभार साधारण ३,००० व्होल्टच्या पुढे गेल्याशिवाय त्याचा झटका आपल्याला जाणवतच नाही. चिपमधल्या ट्रान्झिस्टरच्या गेटखालचा विद्युतरोधक थर मात्र काही नॅनोमीटर जाडीचा असतो. सुट्या घटकांपैकी काही तर १०० व्होल्टच्या आसपासही दुखावतात. या दोन आकड्यांमधले अंतर फार मोठे आहे. बोटातून ठिणगी गेली, आपल्याला काही कळले नाही, आणि समोरच्या चिपमध्ये एक थर कायमचा फाटला, असे या अंतरात घडू शकते. दुखापतीचे माप आपण आपल्या कातडीवरून ठरवतो. आपल्याला लागले नाही म्हणजे कुणालाच लागले नाही, असे धरून चालतो. हे धरून चालणे चुकीचे आहे, आणि रॅमच्या एका पट्टीसमोर ते फार स्पष्टपणे चुकीचे ठरते.

त्यातही पूर्ण जळालेला भाग परवडला. तो पहिल्याच दिवशी चालत नाही, निदान कळते तरी. अर्धवट दुखावलेली चिप आधी ठीक चालते, सगळ्या चाचण्या पार करते, आणि काही महिन्यांनी मशीन अधूनमधून बंद पडू लागते. मग विंडोज पुन्हा टाकले जाते, दुकानदाराशी वाद होतो, विजेच्या चढउताराला बोल लावला जातो. त्या रजईची आठवण तोवर कुणाला राहिलेली नसते.

यावर अनुभवी लोक म्हणतात, आम्ही कितीतरी मशीन उघड्या हातांनी जोडली, एकही बिघडले नाही. ते खोटे बोलत नाहीत. आजकालच्या चिपांच्या पायांशी संरक्षक डायोड असतात, आणि बोर्डावर बसवलेला भाग सुट्या भागापेक्षा बराच सुरक्षित असतो. पण जो धक्का जाणवतच नाही, तो बसला नाही याची ग्वाही कुणाच्या अनुभवाने देता येईल? ज्या कारखान्यांत हे भाग बनतात तिथे प्रत्येक टेबलाला अर्थिंग असते आणि प्रत्येकाच्या मनगटावर त्याच अर्थिंगला जोडलेला पट्टा. रोज हेच काम करणारी माणसे जी काळजी सोडत नाहीत, ती आपण का सोडावी?

हवेचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. अमेरिकी संरक्षण खात्याच्या १९८० सालच्या हस्तपुस्तिकेत काही आकडे दिलेले आहेत: हवेतली आर्द्रता १० ते २० टक्के असेल तर गालिच्यावरून चालणाऱ्या माणसावर ३५,००० व्होल्टपर्यंत दाब चढू शकतो, तीच ६५ ते ९० टक्के असेल तर १,५०० व्होल्ट. झटके हिवाळ्यात जाणवतात म्हणून आपण हिवाळ्याला दोष देतो, पण नागपुरात एप्रिल-मे महिन्यांतली दुपार त्याहून कोरडी असते. नवतप्याच्या नऊ रणरणत्या दिवसांची तर गोष्टच सोडा. उन्हाळ्यात आपल्याला सांभाळतो तो वाळ्याचा कूलर. तो खोलीत ओलावा भरतो आणि अंगावर सुती कपडे असतात. तेव्हा मे महिन्यात काम करायचेच असेल तर कूलर लावलेल्या खोलीत करावे, फक्त त्याचे तुषार मदरबोर्डावर येणार नाहीत इतके दूर बसावे. पावसाळा सगळ्यांत सोयीचा. जानेवारीत मात्र स्वेटर उतरवून, रजई बाजूला सारून, लाकडी टेबलापाशीच बसावे.

अशा ठिणग्यांवर देशभर नजर ठेवण्याचे काम आपल्या शहरातूनच होते, हे किती नागपूरकरांच्या ध्यानात असते कोण जाणे. १८९८ साली सुरू झालेल्या स्फोटक विभागाचे, म्हणजे आजच्या ‘पेसो’चे मुख्यालय सेमिनरी हिल्सवर आहे, रामदासपेठेपासून थोड्याच अंतरावर. पेट्रोल आणि स्फोटकांच्या सुरक्षिततेचे काम ही संस्था पाहते. पेट्रोल पाइपातून वाहताना विद्युतभार तयार होतो आणि त्याची एक ठिणगी पुरेशी असते. म्हणून पंपावर टँकर आला की आधी अर्थिंगची तार त्याला जोडतात, थोडा वेळ थांबतात, मगच होज लावतात. काढताना होज आधी आणि तार शेवटी. कॉम्प्युटर जोडणाऱ्याने एकदा पंपापासून लांब उभे राहून हे पाहावे. मनगटाच्या पट्ट्याचा नियम तोच आहे: खोक्यातून भाग काढण्याआधी पट्टा बांधायचा, कॅबिनेट बंद झाल्यावर सोडायचा.

त्या पट्ट्यात एक छोटासा रोध असतो, १० लाख ओहमचा, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली सर्वांत सुंदर गोष्ट तीच आहे. शरीरावर ३,००० व्होल्ट साठलेले असताना बोट थेट चिपला लागले, तर क्षणभर सुमारे २ अँपिअरचा प्रवाह धावतो. तोच भार पट्ट्यातून गेला तर प्रवाह ३ मिलिअँपिअरच्या वर जात नाही, आणि तरीही सेकंदाच्या हजाराव्या भागात शरीर रिकामे होते. भार तेवढाच, तो कोणत्या गतीने जातो यावर पुढचे सगळे अवलंबून. हाच रोध माणसालाही वाचवतो. चुकून हात २३० व्होल्टच्या तारेला लागला तरी पट्ट्यातून पाव मिलिअँपिअरपेक्षा कमी प्रवाह जातो. म्हणून पट्ट्याऐवजी नुसती तांब्याची तार मनगटाला गुंडाळून अर्थिंगला जोडण्याचा उद्योग कुणीही, कधीही करू नये. त्यात चिप वाचेल आणि माणूस जाईल. एसएमपीएसचे, म्हणजे कॉम्प्युटरच्या वीजपुरवठ्याचे, खोके उघडणे हेही घरच्या कामात येत नाही.

पट्ट्याची चिमटी कॅबिनेटच्या रंगवलेल्या पत्र्याला लावून उपयोग नाही, रंग वीज अडवतो. एसएमपीएसच्या स्क्रूपाशी उघडा धातू असतो, तिथे लावावी. पट्टा कातडीला घट्ट टेकलेला हवा, बाहीवर नको. आपण, कॅबिनेट आणि हातातला भाग एकाच पातळीवर आले की ठिणगी पडायला कारणच उरत नाही. बोर्ड ज्या चकचकीत करड्या पिशवीत येतो ती आतल्या वस्तूचे रक्षण करते. पिशवीवर बोर्ड ठेवून काम करणे सुरक्षित असते हा गैरसमज आहे, आणि तसा ठेवून वीज देऊन तपासणे तर धोक्याचे, कारण पिशवीला धातूचा मुलामा असतो. बोर्डाचे पुठ्ठ्याचे खोके त्यापेक्षा बरे. थर्माकोल आणि प्लास्टिकची वेष्टने टेबलावरून आधीच हलवावीत. रॅम आणि प्रोसेसर कडांनी धरावेत.

उरते अर्थिंग, आणि रामदासपेठेसारख्या जुन्या वस्तीत मला सर्वांत जास्त काळजी त्याचीच वाटते. इथे जुने बंगले आहेत, त्यांच्या शेजारी नंतर उठलेल्या इमारती आहेत. भिंतीवर तीन भोकांचा सॉकेट दिसतो, पण वरच्या मोठ्या भोकामागे तार जोडलेली असेलच असे नाही. असली तरी ती जमिनीत जिथे पोचते त्या कोळसा-मिठाच्या खड्ड्यात पाणी घालायचे असते, हे घराघरांत विसरले गेले आहे. उन्हाळ्यात माती वाळली की जमिनीशी असलेला विजेचा संबंध क्षीण होतो. हे फक्त मदरबोर्डापुरते राहत नाही. गिझर, फ्रिज, कपडे धुण्याचे यंत्र, आणि मे महिन्यात ओल्या फरशीवर उभा असलेला लोखंडी कूलर, या सगळ्यांना हात लावणाऱ्यांचा जीव त्या एका तारेवर असतो.

मनगटाचा पट्टा काहीशे रुपयांत मिळतो. तो घ्याच. पण नवे ग्राफिक्स कार्ड घरी येण्याआधी परवानाधारक वायरमनला बोलवा, प्रत्येक सॉकेटचे अर्थिंग मोजून घ्या आणि सोसायटीच्या खड्ड्यात या आठवड्यात पाणी घालायला सांगा.