मुलांचे खेळ आणि मोठ्यांचा बोध

बिबवेवाडींतील आमच्या घरांच्या आवारांत ‘येथें खेळण्यास मनाई आहे’ अशी पाटी लागली, त्या अर्जावर प्रस्तुत लेखकाचीही सही आहे. दुपारची झोपमोड व एक फुटलेली कुंडी, एवढें कारण तेव्हां पुरेसें वाटलें. ती सही योग्य होती काय, हा प्रश्न पुढें एका जुन्या चित्रानें मला विचारला.

नेदर्लंड्समधील चित्रकार पीटर ब्रूगेल यानें १५६० सालीं रंगविलेलें ‘मुलांचे खेळ’ हें चित्र व्हिएन्नाच्या संग्रहालयांत आहे. त्यांत दोनशेंहून अधिक मुलें सुमारें ऐंशी खेळ खेळत आहेत. कोणी भोवरा फिरवितो, कोणी कडें पिटाळतो, दोघीजणी हाडांचे सागरगोटे झेलतात. मुद्रांवर हसूं मात्र थोडें. मोठीं माणसें कामांत असावींत तशीं तीं गढलेलीं आहेत.

पुढच्या शतकांत याकोब काट्स (१५७७–१६६०) या डच कवीनें अशाच खेळांतून नीतिबोध काढला. डच चित्रांत साबणाचा फुगा उडविणारें मूल म्हणजे आयुष्याच्या क्षणभंगुरतेची खूण ठरलें. त्याच काळीं इकडे देहूस तुकोबांनीं विटीदांडू, चेंडूफळी, टिपरी यांवर अभंग रचून परमार्थ सांगितला. दोघांनींही खेळाचा आरसा केला तो मोठ्यांसाठीं. आम्ही मात्र तो उलटा धरतों : आपली धांवपळ तेवढी सार्थ मानून खेळाची निरर्थकता मुलांसच शिकवितों!

पण त्या आरशांतही मूल पुरतें दिसत नाहीं. त्याला खेळ म्हणजे कशाची खूण नव्हे. खेळ म्हणजे खेळच. त्यांतील नियम कोणी लादलेला नसतो, मोडल्यास शिपाई येत नाहीं. तरीही तो पाळला जातो, कारण तो मोडला तर खेळच उरत नाहीं. स्वेच्छेनें पत्करलेलें बंधन हाच जर नीतीचा पाया, तर त्याचा पहिला धडा अंगणांतच मिळतो. भांडणें होतात, लबाडीही होते; पण तिला लबाडी म्हणून ओळखणारींही मुलेंच असतात.

परवां त्या पाटीखालींच लपंडाव रंगला होता. ज्याच्यावर राज्य आलें त्या पोरानें खांबाला कपाळ टेकून शंभरपर्यंत आंकडे मोजले. सोबती केव्हांच दूर पळाले होते, ऐकणारें कोणी नव्हतें. तरी त्यानें एकही आंकडा गाळला नाहीं. मीं वरून ऐकत होतों. पाटी काढावी असा अर्ज आतां मीं लिहिला आहे. झोप मोडेल, कदाचित् आणखी एखादी कुंडीही फुटेल. पण तो तोटा सोसण्याजोगा आहे.