सोसावे की जुळवावे?

झोपेत ज्याचा श्वास अडखळतो, त्याला हल्ली डॉक्टर एक लहानसे यंत्र देतात. ते उशाशी ठेवायचे, त्यातून निघणारी नळी एका मास्कला जोडायची आणि तो मास्क नाकावर किंवा नाकातोंडावर बांधून रात्रभर झोपायचे. विकाराचे नाव स्लीप अॅप्निया व यंत्राचे नाव सीपॅप. आपल्या धर्मग्रामांतील बऱ्याच घरांत हे यंत्र आता पोहोचले आहे, आणि त्यांपैकी काही घरांत ते कपाटावर धूळ खात पडले आहे. 'फादर, तो मास्क मला सोसवत नाही. काढून ठेवला. यात पाप आहे का?' असा प्रश्न जेव्हा येतो, तेव्हा विचारणारा बहुधा एकटा नसतो. शेजारी त्याची पत्नी उभी असते. नवऱ्याचे घोरणे एकाएकी थांबले की ते पुन्हा सुरू होईपर्यंत ती वर्षानुवर्षे जागी राहिलेली असते. तिचे म्हणणे एवढेच असते, 'फादर, यांना जरा समजावा.'

एकाला क्षमा हवी आहे, दुसरीला उपदेश हवा आहे. दोघांपैकी कोणाची बाजू घ्यावी, हे ठरविण्याआधी प्रश्न नीट मांडला पाहिजे.

प्रथम विकाराविषयी. झोप लागली की घशाचे स्नायू सैल पडतात. काहींच्या बाबतीत जीभ व मऊ टाळू मागे सरकून श्वासाची वाट बुजते. छाती धडपडत राहते, पण हवा आत जात नाही. दहा सेकंद किंवा त्याहून अधिक काळ श्वास रोखला वा फार मंदावला, की त्याची एक घटना धरतात. तासाला अशा ५ ते १५ घटना म्हणजे सौम्य विकार, ३० किंवा त्याहून अधिक म्हणजे तीव्र. प्रत्येक वेळी मेंदू शरीराला हिसका देऊन जागे करतो आणि सकाळी त्या माणसाला यातले काहीच आठवत नाही. आठवते ते डोकेदुखी व दिवसभर मिटणारे डोळे. प्रवचनात डुलकी घेणाऱ्या प्रत्येकाला कंटाळाच आलेला असतो, असे नाही! सीपॅप यंत्र मास्कमधून हवेचा सौम्य दाब सतत देत राहते व त्या दाबाने श्वासाची वाट उघडी राहते. उपाय साधा आहे. अडचण आहे ती त्या मास्कची.

आता नीतीचा भाग. आपले जीवन ही आपल्याकडे सोपविलेली ठेव आहे व तिची निगा राखणे हे कर्तव्य आहे, हे ख्रिस्तसभेने नेहमीच शिकविले. पण या कर्तव्याला सीमा आहे, हेही तिने शिकविले. नैतिक ईशज्ञानात 'सामान्य साधने' व 'असामान्य साधने' असा भेद सोळाव्या शतकापासून केला जातो. २४ नोव्हेंबर १९५७ रोजी पोप पायस बारावे यांनी भूलतज्ज्ञांसमोर बोलताना हा भेद कृत्रिम श्वसनाच्या संदर्भात स्पष्ट केला. त्यांच्या शिकवणीचा आशय असा की, व्यक्ती, स्थळ व काळ यांचा विचार करता जी साधने स्वतःवर किंवा इतरांवर फार मोठा भार टाकीत नाहीत, तीच वापरण्याचे बंधन सर्वसाधारणपणे मनुष्यावर असते. मे १९८० मध्ये रोममधून प्रसिद्ध झालेल्या सुखमरणविषयक घोषणापत्राने याच विचाराला 'प्रमाणशीर' आणि 'अप्रमाणशीर' उपचार अशी भाषा दिली.

योगायोग असा की त्याच्या पुढच्याच महिन्यात, जून १९८० मध्ये, ऑस्ट्रेलियात सिडनी येथे डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी एका रुग्णावर हा उपचार पहिल्यांदा करून पाहिला. तोवर तीव्र विकारावर खात्रीचा इलाज एकच होता : गळ्याला छेद देऊन श्वासनलिकेत नळी बसविणे. त्याला असामान्य साधन म्हणायला कोणी कचरले नसते. सलिव्हन यांनी हवा फेकणारी एक मोटर घेतली व नाकावरील मास्क तिला जोडला. पाच रुग्णांचा अनुभव त्यांनी १९८१ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मांडला. यातली एक गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. त्या आरंभीच्या वर्षांत रुग्णाच्या नाकाचा प्लास्टरचा साचा घेऊन त्यावरून त्याचा मास्क घडवीत, आणि तो रोज रात्री चेहऱ्याला चिकटवावा लागे. ते कष्टाचे होते, परंतु तो मास्क त्या एका माणसाचा होता. पुढे कारखान्यांत हजारोंनी मास्क तयार होऊ लागले, सोय वाढली, उपचार असंख्य लोकांपर्यंत पोहोचला. चेहरा मात्र आजही प्रत्येकाचा वेगळाच आहे.

म्हणूनच 'हा भार सोसण्याजोगा आहे का?' या प्रश्नाआधी आणखी एक प्रश्न उभा राहतो : हा भार उपचाराचा आहे, की न जुळलेल्या मास्कचा?

आपल्या शेतकऱ्याला हा फरक सांगावा लागत नाही. बैलाच्या मानेवर सूज आली, तर तो बैलाला सहनशीलतेचे धडे देत नाही. तो जू तपासतो. माणसाच्या बाबतीत आपण एवढे शहाणे का नसावे? यंत्राबरोबर जो मास्क हाती आला तोच आपला, अशी अनेकांची समजूत असते. वस्तुतः मास्कचे मुख्यतः तीन प्रकार आहेत. एक नाकपुड्यांशी टेकणाऱ्या मऊ उशांचा; मिशी असलेल्यांना, चष्मा लावून वाचणाऱ्यांना किंवा कोंडल्यासारखे वाटणाऱ्यांना तो बहुधा बरा पडतो. दुसरा नाक झाकणारा. तिसरा नाक व तोंड दोन्ही झाकणारा. ज्यांचे तोंड झोपेत उघडे राहते, त्यांच्यासाठी तो उपयोगी. प्रत्येक प्रकारात पुन्हा लहानमोठी मापे आहेत.

मास्क बसवून पाहायचा तो दुकानातल्या खुर्चीवर ताठ बसून नव्हे. आडवे पडून, यंत्र सुरू करून, आपण ज्या कुशीवर झोपतो त्या कुशीवर वळून पाहावे. रात्री कवळी काढून ठेवणाऱ्याने ती काढूनच पाहावे, कारण कवळीविना गालांचा आकार बदलतो. पट्टे आधी सैल ठेवावेत, हवेने मास्कची कडा फुगू द्यावी, आणि मग गळती थांबेल एवढेच ते ओढावेत. बहुतेक जण उलटे करतात. हवा निसटली की पट्टा आवळतात; आवळल्याने कडा दुमडून अधिकच हवा निसटते; सकाळी नाकाच्या हाडावर लाल वण उठतो. आपल्या दमट हवेत घामाने व तेलाने कडा घसरते, म्हणून झोपण्यापूर्वी चेहरा धुवावा व मास्कची कडा रोज सौम्य साबणाने स्वच्छ करावी. मास्कला बारीक छिद्रे असतात. उच्छ्वास त्यांतूनच बाहेर जातो, ती बुजवू नयेत. नाक कोरडे पडत असेल, तर यंत्राला हवा ओलसर करणारी पाण्याची टाकी जोडता येते. काही मास्कच्या पट्ट्यांना चुंबकाची बटणे असतात. घरात कोणाला पेसमेकर असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो मास्क घेऊ नये. आणि जीव गुदमरल्यासारखा वाटतो त्याने आधी दिवसा, जागेपणी, वर्तमानपत्र वाचताना अर्धा तास मास्क लावून बसावे. सवय ही हळूहळू अंगी मुरणारी गोष्ट आहे.

हे सारे वाचून कोणी म्हणेल, यात नीतिशास्त्र कुठे आले? इथेच आले. ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्राच्या पाचव्या भागात लेस्बोस बेटावरील गवंड्यांच्या शिशाच्या मापपट्टीचा दृष्टान्त दिला आहे. ती पट्टी दगडाच्या आकाराप्रमाणे वाकते. नियम सर्वसाधारण असतो, माणूस विशिष्ट असतो. न्यायी मनुष्य नियम टाकून देत नाही, तो नियम त्या माणसाला लावताना त्याचा आकार लक्षात घेतो. 'रोज मास्क लावा' हा सर्वसाधारण नियम आहे. तो या चेहऱ्याला, या मनाला, या घराला कसा लागू करावा, हे शोधणे हा कर्तव्याचाच भाग आहे, आणि तो एकट्या रुग्णाचा नाही. ज्याने यंत्र विकले, त्याने दुसरे माप दाखविले पाहिजे. ज्याने ते लिहून दिले, त्याने महिन्याभराने 'लावता का?' एवढेच न विचारता 'कुठे रुतते?' असे विचारले पाहिजे. यंत्राला हजारो रुपये मोजून झाल्यावर दुसऱ्या मास्कचा खर्च एखाद्या कुटुंबाला खरोखरच जड जातो; तेव्हा नातलगांनी उपदेशाऐवजी त्या खर्चाला हात लावावा. आणि पत्नीने, मुलांनी, नातवंडांनी त्या मास्कला हसू नये. आजोबांच्या तोंडाला हत्तीची सोंड लागली, हा विनोद एकदा गोड वाटतो. तो रोज झाला की आजोबा मास्क काढून ठेवतात.

या उपचाराचा महिमा वाढवून सांगण्याचेही कारण नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २,७१७ रुग्णांच्या एका मोठ्या अभ्यासात हृदयविकार व पक्षाघात यांचे प्रमाण या यंत्राने घटलेले आढळले नाही. दिवसाची झोपाळूपणाची तक्रार कमी झाली व रुग्णांची मनःस्थिती सुधारली. पण त्या रुग्णांनी मास्क लावला होता रात्री सरासरी सव्वातीन तासांच्या आसपास! तेवढ्यावरून उपचार निरुपयोगी ठरविणे घाईचे होईल, आणि तो न घेणाऱ्याला आत्महत्येचे भय घालणे हेही असत्य होईल.

एका ठिकाणी मात्र सवलत देता येत नाही. रिक्षा, बस, ट्रक किंवा स्वतःची मोटर चालविणाऱ्याचे डोळे दिवसा मिटत असतील, तर प्रश्न त्याच्या एकट्याच्या सोयीचा उरत नाही. पाचवी आज्ञा रस्त्यावरही लागू आहे. त्याने उपचार घ्यावा, आणि झोप आटोक्यात येईपर्यंत चाकावर बसू नये.

तेव्हा त्या गृहस्थांना माझे उत्तर असे आहे. जो मास्क टोचतो तो काढून ठेवण्यात पाप नाही. परंतु शोध तिथेच थांबवू नका. दुसरा प्रकार, दुसरे माप पाहा, डॉक्टरांकडे पुन्हा जा. सर्व करूनही जमले नाही, तर वजन कमी करणे, कुशीवर झोपणे, खालचा जबडा पुढे धरणारे दातांचे साधन, क्वचित शस्त्रक्रिया, असे अन्य मार्ग आहेत, त्यांविषयी विचारा. आणि त्यांच्या पत्नीला सांगणे असे की, समजावण्याचे काम माझ्यापेक्षा तुम्हालाच अधिक चांगले जमेल. आज रात्री ते आडवे झाले, की दिवा मालवण्यापूर्वी त्यांच्या मानेमागचा पट्टा थोडा सैल करून पाहा, आणि हवा कुठून निसटते ते हाताने चाचपा. त्यांना स्वतःला ती जागा दिसत नाही.