एकोणीस हजारांची मशीद

१८५७ च्या इतिहासात व्यापाऱ्याला धड जागा मिळत नाही. शिपाई शूर, राजे दुर्दैवी, इंग्रज क्रूर, आणि सावकार? तो एकतर फितूर ठरतो, नाहीतर त्याचं नावच येत नाही. दिल्लीचे लाला छुन्नामल यांना हे दोन्ही लागू पडतं. चांदनी चौकातल्या कटरा नीलचे हे खत्री व्यापारी; कापडाचा आणि सावकारीचा धंदा. इंग्रजांनी दिल्ली परत घेतल्यावर जप्त केलेली फतेहपुरी मशीद लिलावात काढली, तेव्हा १९,००० रुपयांना ती यांनी विकत घेतली. शाहजहानच्या बेगमेने १६५० मध्ये बांधलेली मशीद एका हिंदू कापडवाल्याच्या मालमत्तेत जमा झाली.

एवढ्यावर निकाल द्यायचा मोह होतोच. पण आधी त्या चार महिन्यांकडे बघू. मे ते सप्टेंबर बहादूरशहाच्या नावाने कारभार चालला होता आणि तिजोरी रिकामी होती. मेरठहून आलेल्या शिपायांना पगार हवा होता, तोफखान्याला दारू. मागणी वळली सराफांकडे आणि महाजनांकडे. लालाजींचा कल इंग्रजांकडे राहिला आणि पुढे त्याचं फळही मिळालं: रायबहादुरकी, १८६३ मध्ये सुरू झालेल्या नगरपालिकेत जागा, आणि जप्तीतल्या मालमत्ता स्वस्तात घेण्याची संधी. शहरातून हाकललेल्या हिंदूंना आधी परत येऊ दिलं, मुसलमानांना बरंच नंतर. ज्यांना परत यायचीच बंदी, ते लिलावात बोली कशी लावणार? ही कमाई स्वच्छ होती असं मला म्हणवत नाही.

तरीही फितुरी हे माप इथे बसत नाही, असं मला वाटतं. सावकाराचं खरं भांडवल म्हणजे पत. दूरदेशी हुंडी वटते ती वाट सुरक्षित असेल तर, आणि लिहिणाऱ्याच्या घराण्यावर भरवसा असेल तर. पत एका माणसाची नसे, पेढीची असे. आणि पेढी म्हणजे एकत्र कुटुंब. हिंदू धर्मशास्त्राप्रमाणे बापाचं कर्ज मुलाच्या, नातवाच्या, पणतूच्याही डोक्यावर येई. जुगाराचं, दारूचं तेवढं सुटे. बुडालेल्या व्यापाराचं नाही. अशा घरातला कर्ता राजाला पैसे देताना राजा चांगला की वाईट हे विचारत नाही. बुडाले तर किती पिढ्या फेडतील, हे विचारतो.

याच्या उलट टोक अमेरिकेत सापडतं. इलिनॉयमधल्या न्यू सेलम नावाच्या खेड्यात १८३० च्या दशकात एका तरुणाने भागीदारीत किराणा दुकान काढलं. ते बुडालं, भागीदार वारला, आणि सगळं देणं एकट्या त्याच्या अंगावर आलं. ते फेडायला त्याला वर्षानुवर्षं लागली. त्याचं नाव अब्राहम लिंकन. दुकान बुडालं तरी माणूस दुसरं आयुष्य सुरू करू शकला. कटरा नीलमध्ये दुकान बुडणं म्हणजे घर बुडणं होतं. तिथे दुसऱ्या आयुष्याची सोय नव्हती.

मराठी वाचकाला इथे नाना शंकरशेट आठवतील. नानांचा जन्म १८०३ चा. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात पटपडगंजच्या लढाईत शिंद्यांच्या हातून दिल्ली गेली आणि छुन्नामल यांच्यासारख्यांच्या पेढ्यांना कंपनीची शांतता लाभली. नानाही धनाढ्य व्यापारी घराण्यातले, त्यांचीही सरकारदरबारी ऊठबस. पण १८५७ मध्ये त्यांच्यावर बंडवाल्यांशी संधान असल्याचा संशय घेतला गेला. पुरावा मिळाला नाही. एकाच धामधुमीत दिल्लीचा सावकार रायबहादूर झाला आणि मुंबईच्या शेटवर पाळत. नानांनी शाळा आणि संस्था उभारल्या म्हणून ते आपल्याला जवळचे वाटतात, आणि ते योग्यच आहे. छुन्नामल यांच्या नावावर मुख्यतः एक हवेली उरली. पण मुंबईत नाना ज्या काळात संस्था उभारत होते, त्या काळात दिल्लीत लाल किल्ल्याभोवतालच्या वस्त्या पाडल्या जात होत्या, हेही लक्षात ठेवायला हवं.

आणि त्या पाडापाडीच्या काळात फतेहपुरी मशीद उभी राहिली. लालाजींनी ती पाडली नाही. १८७० मध्ये ते वारले, तेव्हाही ती घराण्याकडेच होती. १८७७ च्या दरबाराच्या सुमारास सरकारने कुटुंबाला बदल्यात चार गावं दिली आणि मशीद मुसलमानांना परत केली. हा शेजारधर्म म्हणायचा, की भाव चढेपर्यंत थांबायची व्यापारी सबुरी? माझ्या मते दोन्ही, आणि त्यांना वेगळं काढण्याचा अट्टहास आपला आहे. ज्याचं गिऱ्हाईक अख्खं शहर, त्याला शहराच्या अर्ध्या लोकांची मशीद मोडून पुन्हा त्याच चौकात गादीवर बसणं परवडलं नसतं. दिल्लीतल्याच झीनत-उल-मस्जिदीत इंग्रजांनी पावाची भट्टी लावली, कारण त्यांना त्या मोहल्ल्यात उधारी वसूल करायची नव्हती.

हवेली आजही चांदनी चौकात आहे. खाली दुकानांची रांग, वर खोल्याच खोल्या. दिल्लीतली पहिली मोटार आणि पहिला टेलिफोन याच घरात आला, असं सांगतात. वंशज वाढले तसे वाटे वाढले. चांदनी चौकातल्या अशा वास्तूंत खालचे जुने भाडेकरू १९५८ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या आधाराने टिकले, आणि वरचा चुना दुरुस्त करायला भाडं पुरेना.

या साऱ्या हिशेबात बायका कुठेच नाहीत. वहीत त्या आल्याच तर लग्नाच्या खर्चात नाहीतर दागिन्यांच्या वजनात. पत राखायला गहाण पडणारं सोनं त्यांचं, पेढीवरचं नाव पुरुषांचं. हा हिशेब कायद्याने हळूहळू बदलला. बापाच्या देण्यातून मुलांची सुटका आधी आपल्याकडे सुरू झाली: १८६५ मध्ये अमेरिकेतली यादवी थांबून मुंबईचा कापसाचा फुगा फुटला, आणि पुढच्याच वर्षी मुंबई इलाख्यात कायदा झाला की वारसाला मिळालेल्या मालमत्तेपुरतंच देणं त्याच्यावर येईल. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मसिद्ध वाटा महाराष्ट्राने १९९४ मध्ये दिला. देशभर तो २००५ मध्ये आला. त्याच दुरुस्तीने, त्याच कलमात, मुलगा-नातू-पणतू यांच्यावरचं ते जुनं धर्मऋण पुढच्या कर्जांपुरतं रद्द केलं. ज्या बंधनावर पेढीची पत उभी होती ते गेलं, तेव्हाच मुलींची नावं कागदावर चढली.