अर्जातले वचन

अमेरिकेतील अनेक निवडक विद्यापीठांत, म्हणजे उपलब्ध जागांच्या कितीतरी पट अर्ज येणाऱ्या संस्थांत, पदवीच्या प्रवेशासाठी ‘अर्ली डिसिजन’ नावाची एक वाट असते. तिच्यात विद्यार्थी बहुधा 1 नोव्हेंबरच्या सुमारास एकाच संस्थेकडे या वाटेने अर्ज करतो, आणि प्रवेश मिळाला तर तेथेच येईन व अन्यत्र केलेले अर्ज मागे घेईन, असे लेखी वचन देतो. त्या वचनावर त्याची, पालकांची आणि शाळेच्या समुपदेशकाची अशा तीन सह्या असतात. निकाल डिसेंबरच्या मध्यास लागतो. नेहमीच्या वाटेने जाणारा मात्र जानेवारीच्या आसपास अनेक ठिकाणी अर्ज करून, हाती आलेले सगळे देकार तोलून 1 मेपर्यंत उत्तर देऊ शकतो. ‘अर्ली ॲक्शन’ ही तिसरी वाट लवकरची असली तरी तिच्यात वचन नसते. या तिन्हींमधील निवड हा डावपेचाचा विषय समजला जातो. पण सतरा वर्षांच्या मुलाने अपुऱ्या ज्ञानावर स्वतःला बांधून घ्यावे का, आणि लाभासाठी दिलेले वचन कितपत खरे, हे प्रश्न नीतिशास्त्राचे आहेत.

विल्यम जेम्स या अमेरिकन तत्त्वज्ञाने 1896 साली प्रसिद्ध झालेले ‘द विल टु बिलिव्ह’ हे व्याख्यान येल आणि ब्राऊन या विद्यापीठांच्या तत्त्वज्ञान मंडळांपुढे दिले होते, हा योग येथे मोठा मार्मिक ठरतो, कारण आज त्याच ब्राऊनमध्ये बांधील अर्जाची पद्धत आहे. जेम्सच्या मते खरा पर्याय तोच, जो मनाला जिवंत वाटतो, ज्याचे परिणाम मोठे असतात आणि जो टाळताच येत नाही. अशा प्रसंगी पुरावा निर्णय देऊ शकत नसेल, तर अंतःकरणाच्या ओढीने ठरवणे गैर नाही, परंतु निवड टाळता येण्याजोगी असेल तर पुरावा येईपर्यंत थांबावे. नोव्हेंबरचा अर्ज पहिल्या दोन कसोट्यांना उतरतो, तिसरीला नाही, कारण थांबण्याची वाट उघडीच असते. फक्त त्या वाटेवर संस्थेनेच जकात बसवलेली आहे: ॲव्हरी, फेअरबँक्स आणि झेकहाउझर या अभ्यासकांनी 2003 च्या आपल्या ग्रंथात असा निष्कर्ष मांडला की लवकर अर्ज केल्याने होणारा लाभ 1600 गुणांच्या एसएटी परीक्षेत सुमारे 100 गुण अधिक मिळण्याच्या तोडीचा होता. निवडीतील अपरिहार्यता येथे स्वाभाविक नसून घडवलेली आहे, आणि जेम्सचा युक्तिवाद अशा घडवलेल्या घाईचे समर्थन करण्यासाठी वापरता येणार नाही.

तरीही ‘थांबले की ज्ञान वाढते’ हे गृहीतक जितके भक्कम दिसते तितके ते नाही. तत्त्वज्ञ एल. ए. पॉल यांनी 2014 च्या ‘ट्रान्सफॉर्मेटिव्ह एक्स्पीरियन्स’ या पुस्तकात दाखवले आहे की काही अनुभव माणसाच्या आवडीनिवडीच पालटून टाकतात, त्यामुळे त्यांचे मोल ते घेण्यापूर्वी ठरवता येत नाही. चार वर्षांचे महाविद्यालयीन शिक्षण हा बहुधा असाच अनुभव असतो. एप्रिलमध्ये पाच पत्रे समोर ठेवून निवडणाऱ्यालाही त्यातले कोणते जीवन आपल्याला घडवील हे नोव्हेंबरइतकेच अज्ञात असते. एप्रिलमध्ये नक्की कळते ती एकच गोष्ट, कोणती संस्था किती अर्थसाहाय्य देते ती. मग ज्या घराला शुल्काची चिंता नाही ते लवकर वचन देऊन फारसे काही गमावत नाही, आणि ज्याला आहे ते तुलना करता येण्याजोगे एकमेव ज्ञान गमावते. हार्वर्ड आणि प्रिन्स्टन यांनी 2006 साली लवकरचे अर्ज बंद करण्याची घोषणा केली तेव्हा, ही पद्धत आधीच सुस्थितीत असलेल्यांना झुकते माप देते, हेच कारण पुढे केले होते. 2011 साली दोघांनीही ते पुन्हा सुरू करण्याचे ठरवले, पण वचनाची अट न घालता. प्रतिस्पर्धी थांबत नसतील तर एकट्याचा त्याग फार काळ टिकत नाही, एवढे त्यातून दिसले.

लाभासाठी दिलेले वचन खोटे असते का, या प्रश्नाला भारतीय परंपरेतील संकल्पाची रीत चांगली कसोटी पुरवते. पूजेपूर्वी किंवा व्रतापूर्वी यजमान हातात पाणी घेऊन देश, काळ, आपले नाव-गोत्र आणि अपेक्षित फळ उच्चारतो, आणि मगच कर्माला बांधला जातो. तेथे फळाची इच्छा लपवली जात नाही. काम्य कर्म, म्हणजे विशिष्ट फळासाठी केलेले कर्म, निष्काम कर्माहून कनिष्ठ मानले तरी त्याला कोणी लबाडी म्हणत नाही. शिवाय संकल्पात ‘यथाशक्ति’ची सवलत असते, जशी अर्ली डिसिजनच्या करारात साहाय्य अपुरे पडल्यास सुटण्याची असते. फरक एवढाच, पण तो मोठा, की विद्यार्थ्याला आपले फळ उच्चारता येत नाही. प्रवेशाची शक्यता वाढावी म्हणून सही करणाऱ्यालाही निबंधात केवळ प्रेमाची भाषा लिहावी लागते, आणि काही आठवड्यांत त्याचे त्यालाच ओढ व हिशोब वेगळे काढता येईनासे होतात. यातला दोष सही करणाऱ्यापेक्षा सही मागणाऱ्याकडे अधिक जातो, कारण वचन मागणारी संस्था स्वतः कसलेच वचन देत नाही.

लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि 1915 साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त व्यवसायात्मक बुद्धी, म्हणजे सारासार पाहून निश्चय करणारी शक्ती, आणि वासनात्मक बुद्धी, म्हणजे हवे-नकोपण, यांत भेद केला आहे. पहिली स्थिर असेल तर दुसरी शुद्ध होते, असा त्यांच्या प्रतिपादनाचा रोख आहे. या भेदाने पाहता लवकर अर्ज करावा की नाही याचे उत्तर ओढीच्या तीव्रतेवर ठरत नाही. परदेशी विद्यार्थ्याची आर्थिक गरज अनेक संस्था निवडीच्या वेळीच विचारात घेतात, तेव्हा पुण्या-नाशिकच्या एखाद्या कुटुंबाने आपली ऐपत आधी मोजून, देकार किती आला तर ‘हो’ म्हणायचे हे सहीपूर्वीच ठरवले असेल, तर ती सही विचारपूर्वक आहे. साहाय्याचे पुढे पाहू म्हणून केलेली सही, मनात कितीही उत्कटता असली तरी, तशी नाही.

डिसेंबरात नकार आला, किंवा अर्ज नेहमीच्या फेरीत ढकलला गेला, तर वचन आपोआप सुटते, आणि अनेक महाविद्यालये ‘अर्ली डिसिजन 2’ या नावाने जानेवारीत तेच वचन पुन्हा मागतात. सुमारे दोन महिन्यांपूर्वी एका संस्थेला ‘तूच पहिली’ म्हणणारा आता दुसरीला तेच म्हणतो, यावर कुचेष्टा करणे सोपे आहे. परंतु निश्चयाचे स्थैर्य विषयाच्या एकटेपणावर अवलंबून नसते. पहिल्या वेळी ज्या कारणांनी आणि ज्या ऐपतीच्या मर्यादेत सही झाली, ती कारणे व ती मर्यादा दुसऱ्या संस्थेलाही लागू पडत असतील, तर दुसरी सही पहिलीइतकीच खरी ठरते, आणि लागू पडत नसतील तर बहुधा पहिलीही तितकी खरी नव्हती.