श्रेयनामावली आणि उत्तरदायित्व : नाट्यसंचाच्या नैतिकतेसंबंधी काही विचार

१

नाटक ही सामूहिक कला आहे, हे विधान मराठी नाट्यसमीक्षेत इतक्या वेळा केले गेले आहे की त्याचा आशय तपासून पाहण्याची गरज सहसा कुणाला वाटत नाही. नाटककार, दिग्दर्शक, नट, नेपथ्यकार, प्रकाशयोजनाकार, संगीतकार आणि पडद्यामागचे साहाय्यक यांच्या सहकार्यातून प्रयोग सिद्ध होतो, एवढे म्हटले की सामूहिकतेचा प्रश्न संपला असे मानले जाते. प्रत्यक्षात तो तेथे सुरू होतो. प्रयोग जर सर्वांचा असेल, तर त्याविषयी जाब विचारला गेल्यावर उत्तर कोणी द्यायचे? कौतुक वाटून घेता येते. दोषाचे आणि धोक्याचे तसेच वाटप करता येते काय?

प्रयोगाच्या माहितीपत्रकावर छापल्या जाणाऱ्या नावांच्या यादीला आपण 'श्रेयनामावली' म्हणतो. या शब्दातील 'श्रेय' आज केवळ यशातील वाटा सुचवते. कठोपनिषदाने प्रेयाहून वेगळे काढलेले 'श्रेय' मात्र सुखावह नसले तरी स्वीकारले पाहिजे असे काही सुचवीत होते. श्रेयनामावलीतील नाव कोणत्या अर्थाने वाचायचे, हाच प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

हा प्रश्न केवळ इतिहासाचा नाही. वाकड-हिंजवडीपासून चाकणपर्यंतच्या औद्योगिक पट्ट्यात दिवसा नोकरी करून संध्याकाळी तालमीला जमणारी मंडळी आहेत. महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाच्या नाट्यस्पर्धांमधून यंत्रावर काम करणारा माणूस रंगमंचावर येण्याची परंपरा तर जुनीच आहे. या मंडळींच्या दिवसाच्या कामात जबाबदारीची एक विशिष्ट कल्पना रुजलेली असते. वस्तू हजारो हातांतून तयार होते, तिच्यावर कुणाचीच सही नसते, आणि दोष निघाला तर तो कोणत्या विभागाचा हे शोधले जाते. ज्याचा सुटा भाग त्याची जबाबदारी, असा तो न्याय. हाच न्याय संध्याकाळच्या तालमीला लागू पडतो काय?

२

कलाकृतीच्या सामूहिकतेचे समाजशास्त्रीय विवेचन हॉवर्ड बेकर यांनी 'आर्ट वर्ल्ड्‌स' (१९८२) या ग्रंथात केले आहे. कलाकृती म्हणजे अनेकांच्या सहकार्याचे जाळे, आणि त्यात कलावंत कोणाला म्हणायचे हे संकेताने ठरते, असे त्यांचे प्रतिपादन. ते काम कोण करतो हे सांगते. त्या कामाविषयी उत्तर कोण देतो हे सांगत नाही. या दुसऱ्या प्रश्नाकडे मिशेल फूको यांनी १९६९ सालच्या लेखकविषयक व्याख्यानात लक्ष वेधले होते. लेखनाला 'लेखक' हवा झाला तो लेखकाला शिक्षा करण्याची सोय हवी झाली तेव्हा, असे त्यांनी सुचविले. म्हणजे कर्तृत्वाची संकल्पना मालकीच्या अगोदर दंडाशी जोडलेली आहे.

ही दृष्टी घेऊन आपल्या रंगभूमीकडे पाहिले तर एक विसंगती जाणवते. परिनिरीक्षण मंडळासमोर जाते ती संहिता, आणि संहितेवर नाव एकाचे असते. पण प्रेक्षागृहात दगड येतो तो संहितेवर येत नाही. १९७२ साली 'सखाराम बाइंडर'वरून वादळ उठले तेव्हा मुंबई उच्च न्यायालयात झगडले ते दिग्दर्शक-निर्माते कमलाकर सारंग. चंपाची भूमिका करणाऱ्या लालन सारंग यांना आणि सखारामच्या भूमिकेतील निळू फुले यांना (वाकडजवळच्या पिंपळे गुरव येथील नाट्यगृहाला आज ज्यांचे नाव आहे) प्रत्येक प्रयोगात ते शब्द स्वतःच्या देहाने आणि आवाजाने उच्चारायचे होते. विजय तेंडुलकरांचे शब्द उच्चारल्याबद्दल तेंडुलकरांकडे बोट दाखवण्याची सोय नटाला नसते. तो ते शब्द लिहीत नाही, पण दर रात्री नव्याने करतो.

३

या प्रश्नाचे सर्वांत बोलके उदाहरण मात्र पुण्यातले आहे. 'घाशीराम कोतवाल'चा पहिला प्रयोग १६ डिसेंबर १९७२ रोजी प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने केला. लेखन तेंडुलकरांचे, दिग्दर्शन जब्बार पटेल यांचे, संगीत भास्कर चंदावरकरांचे, नृत्यरचना कृष्णदेव मुळगुंद यांची. नाना फडणवीस झाले मोहन आगाशे, घाशीराम झाले रमेश टिळेकर. सतीश आळेकर साहाय्यक दिग्दर्शक होते. चंद्रकांत काळे, रवींद्र साठे यांसारखे पुढे नावारूपाला आलेले गायक-नट त्या संचात होते.

या प्रयोगातील कोणता घटक कोणाचा, हे वेगळे काढण्याचा प्रयत्न केला तर तो लवकरच निष्फळ ठरतो. संहितेत रंगमंचावर उभी राहणारी माणसांची रांग आहे. ती गाते, डुलते, पाठ फिरवते, उघडते, मिटते. घडीत पडदा होते, घडीत पुण्याचे ब्राह्मण, घडीत जमाव. पण कागदावरील ही सूचना म्हणजे भिंत नव्हे. तिची लय चंदावरकरांच्या संगीतातून आली, तिचे वळणे मुळगुंदांच्या नृत्यरचनेतून, तिचा श्वास त्या रांगेतील नटांच्या एकमेकांच्या सवयीतून. कीर्तन आणि लावणी यांच्या सरमिसळीतून निर्माण होणारा उपरोध हा या नाटकाचा 'आशय'च आहे, आणि तो कोणा एकाच्या नावावर टाकता येत नाही. म्हणूनच या नाटकावरील आक्षेपही, तो नानांच्या चित्रणाविषयीचा असो वा एका ज्ञातीच्या चित्रणाविषयीचा, केवळ संहितेवरचा आक्षेप राहू शकत नव्हता.

एकोणीस प्रयोगांनंतर संस्थेने नाटक थांबवले. संस्थेचे अध्यक्ष भालबा केळकर यांची बाजू येथे समजून घेतली पाहिजे, कारण ती केवळ भित्रेपणाची म्हणून बाजूला सारण्यासारखी नाही. संस्था ही तिच्या एका संचाहून मोठी असते. तिला भूतकाळ असतो, सभासद असतात, आणि आपल्या नावाने काय सादर व्हावे याविषयी सदसद्विवेक बाळगण्याचा तिलाही अधिकार असतो. जबाबदारी सामूहिक आहे असे मानले तर समूहातील ज्येष्ठाला 'हे माझे नव्हे' असे म्हणण्याची मुभा नाकारता येत नाही.

परंतु संचाने दिलेले उत्तरही त्याच अधिकारातून आले. नाटक बंद पडल्यावर कलावंतांना अनेक वाटा मोकळ्या होत्या. लेखक मुंबईचा, वाद त्याच्या संहितेचा, आपण केवळ भूमिका केली, असे म्हणून पुढच्या नाटकाच्या तालमीला लागता आले असते. त्यांनी तसे केले नाही. ते बाहेर पडले आणि २७ मार्च १९७३ रोजी 'थिएटर अकॅडमी' स्थापन झाली. श्रीधर राजगुरूंसारख्या संघटकाने तिचा व्याप सांभाळला. जानेवारी १९७४ मध्ये 'घाशीराम' पुन्हा उभे राहिले. १९८० साली युरोपच्या दौऱ्यापूर्वी तीव्र विरोध झाला तेव्हाही तो संपूर्ण संचाने अंगावर घेतला.

४

या घटनेला नाटकाच्या आशयाशेजारी ठेवले म्हणजे तिचा अर्थ अधिक गडद होतो. 'घाशीराम'मधील रांग ही अनामिकतेचे रूप आहे. तिच्यातील प्रत्येक जण काही घडत असताना पाठ फिरवतो, आणि पाठ फिरवणे हीच त्याची कृती असते. घाशीरामाची सत्ता ज्या मौनावर उभी राहते ते मौन या रांगेचे, आणि अखेरीस त्याला दगडांनी ठेचणारा जमावही तीच. कोणाही एकाने काही केलेले नसते, तरी सर्व काही त्यांच्याकडून झालेले असते. 'मी केवळ रांगेत उभा होतो' हे वाक्य त्या रांगेतील प्रत्येकाच्या ओठांवर आहे असे वाटत राहते.

आता ही रांग दर प्रयोगाला देहाने साकारणाऱ्या नटांची स्थिती पाहावी. त्यांना स्वतंत्र संवाद जवळजवळ नाहीत. माहितीपत्रकावर त्यांची नावे एका ओळीत येतात. 'मी केवळ रांगेत उभा होतो' असे म्हणण्याची सर्वाधिक सोय त्यांनाच होती. नाटकातील रांग जे म्हणते ते नाटकाबाहेर म्हणायला भिंतीत उभ्या असलेल्या या नटांनी नकार दिला. हा नकार ही त्या प्रयोगाची एक समीक्षाच होती, आणि ती लेखनातून नव्हे तर आचरणातून झाली.

येथे हॅना आरेंट यांनी केलेला भेद उपयोगी पडतो. अपराध हा नेहमी व्यक्तीचा असतो, जबाबदारी मात्र समूहाची असू शकते, असे त्या मानतात. सगळेच अपराधी आहेत असे म्हटले की कोणीच अपराधी उरत नाही, ही त्यांची इशारावजा सूचना नाट्यसंचालाही लागू आहे. जबाबदारी सर्वांत वाटली गेली तर ती प्रत्येकाच्या वाट्याला नगण्य येईल, हा आक्षेप म्हणून गंभीरपणे घ्यावा लागतो.

त्याचे उत्तर मला सहकारी पतसंस्थेच्या कागदपत्रांत सापडते. कर्जाला दोन जामीनदार असले म्हणजे प्रत्येकाने अर्धी रक्कम फेडावी असे नसते. दोघेही 'संयुक्तपणे आणि पृथकपणे' बांधील असतात. वेळ आली तर एकट्याकडून पूर्ण कर्ज वसूल होऊ शकते. नाट्यसंचाची जबाबदारी या जातीची आहे. ती अंशांत विभागली जात नाही, प्रत्येकावर अखंड असते. प्रकाशयोजनाकार केवळ प्रकाशाला जबाबदार नाही. ज्या दृश्यावर तो प्रकाश पाडतो त्या दृश्यालाही तो जबाबदार आहे. कारखान्यातील सुट्या भागाचा न्याय येथे लागू पडत नाही तो यामुळे.

५

मात्र जामीन राहणाऱ्याने सही करण्यापूर्वी कागद वाचलेला असला पाहिजे, आणि सही नाकारण्याचे स्वातंत्र्य त्याला असले पाहिजे. थिएटर अकॅडमीच्या निर्णयामागे एक भौतिक आधार होता, तो दृष्टीआड करून त्या निर्णयाचा गौरव करणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. जब्बार पटेल आणि मोहन आगाशे वैद्यकीय व्यवसायातले. आळेकरांची पुढील उपजीविका बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातील नोकरीवर. पोट नाटकावर नव्हते, म्हणून नाटक सोडण्याचे किंवा न सोडण्याचे स्वातंत्र्य होते. ज्याचे पोट रोजच्या प्रयोगावर आहे अशा रंगमंच-कामगाराकडून त्याच धैर्याची अपेक्षा करणे म्हणजे आपले श्रेय त्याच्या पदरात दायित्व म्हणून टाकणे होय.

तेव्हा संचाच्या नैतिकतेचा निकष दुहेरी ठरतो. जो श्रेयनामावलीत आहे त्याने संपूर्ण प्रयोगाचे उत्तर द्यावे. आणि ज्याच्याकडून उत्तराची अपेक्षा आहे त्याला तालमीच्या पहिल्या दिवसापासून नाटकाच्या आशयावर बोलण्याचा, शंका घेण्याचा आणि बाहेर पडण्याचा अधिकार असावा. पहिली अट पाळून दुसरी टाळणारा दिग्दर्शक संचाला भिंत बनवतो, आणि तीही 'घाशीराम'मधल्या अर्थाने.

नोकरीच्या जोरावर नाटक करणाऱ्या आजच्या मंडळींकडे स्वातंत्र्याचा तो जुना आधार काही प्रमाणात आहे. वेळ मात्र नाही. वाकडहून रहदारीतून तालमीला पोचणाऱ्या नटाला संहितेवर वाद घालायला उसंत उरत नाही, आणि मग दिवसाची सुट्या भागाची शिस्त संध्याकाळीही चालू राहते. आपली वाक्ये पाठ असली की आपले काम झाले, असे मानणे सोयीचे होते. प्रायोगिक नाटकाचे प्रायोगिकत्व शैलीत शोधणाऱ्या समीक्षेने या सोयीकडे आता पाहिले पाहिजे. माहितीपत्रक छापायला जाण्यापूर्वी त्यातील प्रत्येक नाव त्या व्यक्तीला विचारून, नाटक पुरते कळल्यानंतर घातले आहे काय, हा प्रश्न नेपथ्याच्या किंवा अभिनयाच्या मूल्यमापनाइतकाच समीक्षेच्या कक्षेतला आहे.