चुकीच्या ठिकाणी जोडलेले हात

पन्नाशीत मी उन्हाळ्यातल्या कला-इतिहासाच्या वर्गाला बसलो. शेजारी दहावी झालेली मुलं. वर्गाबरोबर लेण्याद्री पाहिली तेव्हा कळलं, गिरिजात्मजाचं ७ क्रमांकाचं लेणं म्हणजे मूळचा बौद्ध विहार. शेजारच्या ६ क्रमांकाच्या चैत्यगृहात कल्याणच्या सुलसदत्ताचा दानलेख आहे. घरी येऊन आईला म्हणालो, “इतकी वर्षं तू चुकीच्या ठिकाणी हात जोडलेस.” ती काहीच बोलली नाही.

विहार होता, हे सांगायलाच हवं. भिक्षूंना विसरणं हा अन्यायच. पण ‘चुकीच्या’ हा शब्द इतिहासातला नव्हता, माझा होता. सुलसदत्तानं दान दिलं तेही श्रद्धेनंच. आईची श्रद्धा ज्याला दिसत नाही, त्याला तो लेख नुसता वाचता येतो, कळत नाही. आईचे गुडघे आता पायऱ्या चढू देत नाहीत. माफी मात्र घरीही मागता येईल.